बालदमा, महागडी सुई आणि अर्जातला एक रकाना

३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. वर्तमानपत्रांनी मोटारी, दूरचित्रवाणी संच, साबण आणि विम्याचे हप्ते यांवर रकानेच्या रकाने लिहिले. त्याच निर्णयात ३३ औषधांवरील १२ टक्के कर पूर्णपणे काढून टाकण्यात आला, हेही छापून आले. पण ती यादी शेवटपर्यंत वाचणारे फार थोडे असावेत. कर्करोग आणि दुर्मिळ जनुकीय विकारांवरील औषधांच्या त्या गर्दीत मेपोलिझुमॅब हे एक नाव आहे. तीव्र स्वरूपाच्या विशिष्ट दम्यावर दर चार आठवड्यांनी त्वचेखाली टोचावयाचे हे औषध. उर्वरित बहुतेक औषधांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि त्या उर्वरितांत दम्याच्या रोजच्या पंपातील औषधेही आली. अशा रीतीने दम्यावरील सर्वांत महाग उपचारांपैकी एक करमुक्त झाला, तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक उपचार करपात्र राहिला.

या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. काही शे रुपयांच्या पंपावर ५ टक्के म्हणजे फार तर चहाचे पैसे. लाखांत जाणाऱ्या उपचारावर १२ टक्के म्हणजे एखाद्या कुटुंबाचे दोन महिन्यांचे घरभाडे. पण आपल्या प्रशासनाची नजर कोठे लगेच जाते आणि कोठे जातच नाही, हे त्या यादीवरून उमगते. मोठे देयक टेबलावर येते, त्याची फाइल होते, फाइलीवर निर्णय होतो. छोटे देयक पालक खिशातून भरतात किंवा भरत नाहीत. त्याची फाइल कधीच होत नाही.

ही औषधे आहेत तरी काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. यांना बायॉलॉजिक म्हणतात. ती रसायनांच्या संयोगातून नव्हे, तर जिवंत पेशींमध्ये वाढवून तयार केलेली प्रथिने असतात आणि दम्याची आग पेटविणाऱ्या साखळीतील एखादाच दुवा नेमका धरतात. ओमॅलिझुमॅब हे अ‍ॅलर्जीशी निगडित आयजीई या घटकाला पकडते. मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब यांचा रोख इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींवर असतो. ड्युपिलुमॅब आणखी वरच्या पायरीवर दोन संदेशवाहकांना अडविते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओमॅलिझुमॅबला २००३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. ६ ते ११ वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचायला त्याला २०१६ उजाडले. याच वयोगटासाठी मेपोलिझुमॅब २०१९ मध्ये, ड्युपिलुमॅब २०२१ मध्ये आणि बेनरालिझुमॅब २०२४ मध्ये मान्य झाले. सहा वर्षांखालील मुलांच्या दम्यासाठी त्या यादीत एकही बायॉलॉजिक नाही. याचे कारण सरळ आहे. त्या वयात सर्दीच्या विषाणूमुळे छाती वाजणारी बहुतेक मुले पुढे बरी होतात, आणि त्यांतील खरा दमेकरी कोण हे ठरविणेच अवघड असते.

या सुईचा गुण किती? अमेरिकेतील शहरांच्या गरीब वस्त्यांमधील ६ ते २० वर्षे वयाच्या ४१९ मुलां-तरुणांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपचार मिळालेल्यांपैकी ४८.८ टक्क्यांना दम्याचे झटके आले. त्याच उपचारांच्या जोडीला ओमॅलिझुमॅब मिळालेल्यांत हे प्रमाण ३०.३ टक्के होते. शाळा उघडल्यावर शरद ऋतूत झटक्यांची जी लाट येते ती जवळपास ओसरली. ड्युपिलुमॅबच्या ६ ते ११ वर्षांच्या ४०८ मुलांवरील चाचणीत मुख्य गटातील तीव्र झटक्यांचे वार्षिक प्रमाण ०.७५ वरून ०.३१ इतके खाली आले. पुन्हा अशाच गरीब वस्त्यांतील २९० मुलांवरील मेपोलिझुमॅबचा अभ्यास २०२२ मध्ये आला. तेथे झटके २७ टक्क्यांनी घटले, परंतु फुप्फुसांच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. गुण खरा आहे, चमत्कार नाही. आणि तो उपचार चालू असेपर्यंतच टिकण्याची शाश्वती आहे.

तीनही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे आणि ती आपल्याकडच्या चर्चेत हमखास गळते. सुई दिली गेली ती रोजचा पंप नीट चालू असलेल्या मुलांना. त्या पायावर ती उभी होती.

आपला पाया कसा आहे? २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते, म्हणजे जगातील १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात झाले. रुग्णांचा वाटा १३ आणि मृत्यूंचा ४०, या दोन आकड्यांतील अंतर हवेचे किंवा जनुकांचे तितके नाही. ते उपचार न पोहोचण्याचे आहे. पुणे, दिल्ली, कोट्टयम, बिकानेर अशा ९ केंद्रांवर मुले, किशोर आणि त्यांचे पालक यांची पाहणी करणारा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांना, आणि तीव्र लक्षणे असणाऱ्यांपैकीही ७० टक्क्यांना आपल्याला दमा आहे हे कोणी सांगितलेलेच नव्हते. रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे तीव्र लक्षणांच्या गटात अडीच टक्क्यांहून कमी निघाले. निदान झालेल्यांतही हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते.

हे आकडे पाहिल्यावर अर्थखात्यातील कोणीही अधिकारी करील तो हिशेब मीही करून पाहिला. ओमॅलिझुमॅबची मात्रा मुलाचे वजन आणि रक्तातील आयजीई यांवरून ठरते. हिशेबापुरते धरू की कुपी दहा हजारांना पडली आणि दर चार आठवड्यांना दोन कुप्या लागल्या. वर्षाच्या १३ फेऱ्या, २६ कुप्या, २ लाख ६० हजार रुपये. पंप महिन्याला तीनशे रुपयांचा धरला तर वर्षाचे ३,६००. एका मुलाच्या सुईच्या पैशांत ७२ मुलांचे वर्षभराचे पंप. येथे आमच्या व्यवसायातील बहुतेक जण लेखणी खाली ठेवतात आणि शेरा मारतात: गरीब देशाला हे परवडणार नाही, प्रस्ताव अमान्य.

हिशेब बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ७२ मुले आणि एक मूल हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. त्या बहात्तरांना पंप नीट दिला, तो घ्यायला शिकविला आणि सहा महिने पाठपुरावा केला, तर बहुतेक सावरतात आणि एक-दोन राहतात. ज्यांना खरोखर सुई लागते ती हीच मुले. त्यांना हुडकून काढण्याचा दुसरा कोणताही विश्वसनीय मार्ग नाही. स्वस्त उपचार हीच महाग उपचाराची चाळणी आहे. ती न लावता सुई देऊ लागलो तर पैसा वाया जाईल, आणि चाळणी नाही म्हणून सुईच नाकारली तर ज्या मुलावर दुसरा इलाजच उरलेला नाही ते मूल मरणाच्या दारात उभे राहील. अशा मुलांना वर्षातून चार-पाच वेळा तोंडाने स्टेरॉइड घ्यावे लागते. त्याने वाढ खुंटते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

पंप न पोहोचण्यामागे केवळ पैसा नाही. ‘दमा’ हा शब्दच घरात नको असतो, विशेषतः मुलगी असेल तर. मग डॉक्टरही ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’ असे काहीतरी लिहून वेळ मारून नेतात. पंपाची सवय लागते, ही समजूत नागपुरात आहे तशीच लखनौत आणि कोलकात्यातही आहे. स्टेरॉइड म्हटले की आजी-आजोबांपासून सर्वांचा विरोध. ती भीती अगदीच निराधार नाही: लहानपणी वर्षानुवर्षे ब्युडेसोनाइडचा पंप घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने दाखविले. बोटाच्या पेराएवढ्या या उंचीच्या बदल्यात श्वास मिळतो, हे समजावून सांगायला बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटे नसतात. मग गोळी दिली जाते, कारण गोळीला विरोध होत नाही. ज्या माँटेलुकास्टच्या मानसिक दुष्परिणामांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये आपला सर्वांत कडक इशारा दिला, ते घराघरांत निःशंकपणे चालते. साल्ब्युटामॉल हे श्वासावाटे घ्यावयाचे औषध. पण त्याच्या गोळ्यांचे उत्पादन परवडत नाही म्हणून बंद पडू नये यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये शासनाला तिची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवून द्यावी लागली. इतका खप गोळीला अजून आहे.

एका फटक्यात बरे व्हावे ही ओढ तर सर्वांत जुनी. हैदराबादेत दरवर्षी मृगाच्या सुमारास नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बथिनी कुटुंबाकडून दमेकऱ्यांना जिवंत मासळीच्या तोंडात घातलेले औषध गिळायला दिले जाते. हजारो लोक लेकरांना खांद्यावर घेऊन रांगेत उभे राहतात. मासळी शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग पुरवितो आणि बंदोबस्त पोलीस ठेवतात. या प्रकाराने दमा बरा होतो याला कोणताही वैद्यकीय पुरावा नाही. मात्र प्रशासक म्हणून मला तेथील व्यवस्थेचे नवल वाटते: पिण्याचे पाणी, रांगांचे कठडे, जादा बसगाड्या, सारे चोख. एवढ्याच तत्परतेने त्या रांगेतील प्रत्येक मुलाच्या हाती पंप देऊन तो घ्यायला शिकविणारी एक परिचारिका बसविता आली असती. नव्या सुईकडे शहरी सुशिक्षित पालक ज्या नजरेने पाहतात, तिच्यातही मला त्या रांगेतील आशेचा थोडा अंश दिसतो.

माझ्या परिचयातील दोन मुलांविषयी लिहितो; ओळख पटणार नाही इतकेच. एका सहकाऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा. मराठवाड्यातून दिल्लीत बदली झाल्यापासून दर हिवाळ्यात रुग्णालयात. बायॉलॉजिक सुरू करावे असा सल्ला एका मोठ्या रुग्णालयाने दिला आणि मंजुरीचा प्रस्ताव तयार झाला. आमच्याकडील नियमांनुसार त्यावर दर, अधिकृत रुग्णालय, यादीबाहेरील औषध, वित्तीय सहमती असे सारे मुद्दे उपस्थित झाले. चार महिने गेले. दरम्यान दुसऱ्या डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून पंप घ्यायला सांगितला. त्याने तो न हलविता तोंडात धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. औषध सगळे जिभेवर. दोन वर्षे तो असाच घेत होता. स्पेसरची नळी दिली, झोपायच्या खोलीतील डासांची उदबत्ती बंद केली (अशी एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ चा एक अभ्यास सांगतो), आणि पुढचा हिवाळा घरीच गेला. प्रस्ताव मागे घेतला गेला. फाइलीच्या चाळीस पानांत एकाही टिपणीने हा प्रश्न विचारला नव्हता की मूल पंप कसा घेते.

दुसरी मुलगी नऊ वर्षांची. वडील आमच्याच इमारतीतील सफाईच्या कंत्राटात देखरेखीचे काम करतात; बिहारमधून आलेले, शांत, नेमके बोलणारे गृहस्थ. मुलीचा पंप कधी चुकत नाही. स्पेसर रोज धुतला जातो. आई वहीत तारखा लिहून ठेवते: कोणत्या दिवशी खोकला, कोणत्या रात्री वाफ द्यावी लागली, स्टेरॉइडची गोळी किती दिवस. ती वही मी पाहिली आहे. आमच्या अनेक नोंदवह्यांपेक्षा ती बरी आहे. एका वर्षात तोंडावाटे स्टेरॉइडच्या पाच फेऱ्या, दोनदा अतिदक्षता विभाग. शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांनी सर्व तपासण्या करून सांगितले की हिला बायॉलॉजिक द्यायला हवे. आता हिची फाइल कोठे करावयाची? वडील केंद्रीय कर्मचारी नाहीत, म्हणून सीजीएचएस नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महानगरांतील सफाई कामात कुशल गणल्या जाणाऱ्या कामगाराचे केंद्रीय किमान वेतन २४,८०४ रुपये झाले, तेव्हाही मर्यादा तीच होती. किमान वेतन वाढले म्हणून माणूस विम्याबाहेर गेला. आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. सुटी मिळाल्यानंतरचे १५ दिवस औषधे, पुढे नाही. मुलगी अतिदक्षता विभागात गेली तर योजना पैसे देईल. ती तेथे जाऊच नये यासाठी लागणारी सुई काय, पंप काय, दोन्ही योजनेबाहेर. दुर्मिळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार रुग्णाला ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते, परंतु दमा दुर्मिळ नाही. तो फार सामान्य आहे, हाच त्याचा दोष.

एकाच इमारतीतील दोन मुले. ज्याला गरज नव्हती त्याचा प्रस्ताव चार महिने सहा टेबलांवरून फिरला. जिला गरज आहे तिच्यासाठी टेबलच नाही.

यातून वाट काढणे अशक्य नाही. इतरांनी काढली आहे. ब्रिटनमध्ये नाइस या मूल्यमापन संस्थेने २०१० मध्ये ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ओमॅलिझुमॅबची शिफारस करण्यास नकार दिला होता, कारण किमतीच्या मानाने लाभ पुरेसा वाटला नाही. २०१३ मध्ये त्याच संस्थेने होकार दिला. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या: कंपनीने किमतीत सवलत दिली, आणि निकष स्पष्ट झाला: सतत तोंडाने स्टेरॉइड घ्यावे लागणारे किंवा मागील वर्षात चार वा अधिक वेळा ते घ्यावे लागलेले रुग्ण. भावनेला वाव न देता आणि मुलाला वाऱ्यावर न सोडता निर्णय कसा घ्यावा, याचा तो नमुना आहे. आपल्याकडे आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा २०१७ पासून आहे. तिच्याकडे हा प्रश्न सोपवावा, सर्व केंद्रीय योजनांनी मिळून एकच खरेदी करावी आणि किमतीची घासाघीस एकदाच करावी. ओमॅलिझुमॅबची समतुल्य औषधे युरोपने २०२४ मध्ये आणि अमेरिकेने २०२५ मध्ये मान्य केली आहेत. भाव पाडून घेण्याची ही वेळ आहे. निकष मात्र परदेशातून जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्याकडे जंतांमुळेही आयजीई वाढलेले असते, आणि त्या आकड्यावर मात्रा ठरत असेल तर आधी जंतांचे औषध देणे शहाणपणाचे. सोळा आठवड्यांनी गुण तपासून, तो नसल्यास उपचार थांबविण्याची अट युरोपातील मान्यतापत्रात आहेच. ती येथेही असावी. सुरू करण्याची मंजुरी देणे आम्हांला जमते. थांबविण्याचा निर्णय लिहायला कोणी धजत नाही.

आणि अर्जात एक रकाना असावा: मुलाने पंप स्पेसरसह घेताना कोणी पाहिले, कोणत्या तारखेस, कितव्यांदा. त्याखाली सही डॉक्टरांची नव्हे तर परिचारिकेची. हा रकाना भरता यावा म्हणून तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पंप ठेवावे लागतील, नळी ठेवावी लागेल आणि शिकविणारे माणूस नेमावे लागेल. चौकट नवी उभारायला नको. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत श्वासनलिकांच्या या विकाराचे नाव पहिल्यापासून आहे. फिरती पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत जातात, घरघर ऐकतात, संदर्भचिठ्ठी देतात. चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाला पंप असेल याची हमी तेवढी कोठे लिहिलेली नाही. स्पेसर महाग पडतो म्हणावे तर केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच दाखवून दिले आहे की अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली नीट छिद्र पाडून वापरली तर झटक्याच्या वेळी ती विकतच्या स्पेसरइतकेच काम करते. अशा किती बाटल्या आमच्या एकेका बैठकीत रिकाम्या झाल्या असतील, याची मोजदाद नको.

त्या मुलीसाठी सध्या एका धर्मादाय निधीकडे अर्ज केला आहे. तीन महिन्यांच्या सुया मिळतील असे कळते. त्यानंतरचे ठरलेले नाही.

दिल्ली, कानपूर, पाटणा अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मला या विषयावर अधूनमधून विचारणा होते, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हवा बिघडली की. मूल सहा वर्षांखालचे असेल तर सुईचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. मोठे असेल आणि कोणी ती सुचविली असेल, तर पुढच्या भेटीला जाताना मुलाचा स्वतःचा पंप आणि स्पेसर पिशवीत घालून न्यावा, आणि तो घेताना डॉक्टरांनी एकदा पाहावे असा आग्रह धरावा. वर्षभरात तोंडावाटे स्टेरॉइड किती वेळा लागले, याच्या तारखा एका कागदावर लिहून सोबत ठेवाव्यात.